घरच्या वड्या

"ग्लुकोज सिरप," मी मोठ्यानं वाचलं. "पाम तेल. इमल्सिफायर, पुढे कंसात नंबर. त्याच्यापुढे आणखी एक नंबर. उदय, अरे हे खाणं आहे की तुरुंगातली हजेरी?"

उदय खुर्चीत पाय वर घेऊन बसला होता. तो हसला. "आक्का, चव बरी आहे गं. सकाळचं एवढं एकच पोटात टिकतं."

"चव बरी असणारच. नाहीतर घेईल कोण?" मी पाकीट खिडकीच्या उजेडात धरून चष्मा पुसला. "आणि एवढ्याशा तुकड्याला हे चकचकीत वेष्टन. ओट्सचा बार म्हणे."

वैजयंता गॅसपाशी पाठमोरी उभी होती. ती न वळताच म्हणाली, "आहारतज्ज्ञ मॅडमनी पाकीट बघून सांगितलंय, वन्सं. साधा आहे, रोज एक चालतो म्हणाल्या."

"त्या मॅडम कालपरवा कॉलेजातून बाहेर पडल्यात. मी बावीस वर्षं मुलांना आहाराचा धडा शिकवतेय."

तिनं गॅस बारीक केला. आमच्या घरात माझ्या बोलण्यावर कुणी बोलत नसे. मला तेव्हा याचा अभिमान होता, हेही सांगून टाकते.

उदय माझा धाकटा भाऊ, माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. वडील गेले तेव्हा तो चौथीत होता आणि मी नुकतीच सांगलीच्या एका शाळेत नोकरीला लागले होते. पाचवी ते सातवीला विज्ञान. त्याच्या शाळेच्या डब्यापासून त्याच्या लग्नातल्या हळदीपर्यंत सगळं मी केलं. माझं लग्न राहून गेलं ते गेलंच, पण त्याची खंत करायला मला कधी सवड मिळाली नाही. उदयवर माझा जीव होता. तो छापखान्यात अक्षरजुळणीचं काम करायचा, संगणकावर, आणि घरी आला की घरभर गाणी म्हणत हिंडायचा.

मग दोन वर्षांपूर्वी त्याच्या पायांवर सूज आली. रक्तदाब कुणी कधी मोजलाच नव्हता. कळेपर्यंत दोन्ही किडन्या गेल्या होत्या. तेव्हापासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी मिरजेला डायलिसिस. गाणी थांबली. वजन एकोणपन्नास किलोवर आलं.

पण त्या जानेवारीत आमच्या घरात आशा होती. आईची किडनी जुळली होती. बासष्टाव्या वर्षी आई सगळ्या तपासण्यांतून मुलीसारखी टुणटुणीत पार पडली होती. सव्वीस फेब्रुवारी तारीख मिळाली होती. सर्जन एवढंच म्हणाले होते, "पेशंट फार अशक्त आहे. महिनाभरात अंगात थोडी ताकद आणा. असाच राहिला तर मला तारीख पुढे ढकलावी लागेल."

म्हणून मी ते पाकीट वाचत होते. महिनाभरात माझ्या भावाच्या अंगात ताकद आणायची होती, आणि त्याची बायको त्याला पाकिटातलं चारत होती.

"घरी करू आपण," मी म्हणाले. "ओट्सच पाहिजेत ना? ओट्सच्या वड्या करू. त्यात खजूर, जर्दाळू, मनुका, बदाम. बघ चार दिवसांत गालावर मांस येतं की नाही."

वैजयंता आता वळली. "पण वन्सं, फळं बंद आहेत त्यांना."

"फळं का बंद आहेत?" मी वर्गात विचारावं तसं विचारलं.

तिनं हातातला चमचा खाली ठेवला.

"तूच विचार कर. त्याला पाणी किती? दिवसाला एक लिटर. बाटलीवर खूण करून देतेस. शहाळं बंद. फळांचा रस बंद. पातळ आमटी बंद. भाजी उकडून तिचं पाणी फेकून द्यायचं. या सगळ्यात काय सारखं आहे?"

"पाणी," उदय म्हणाला. तो लहानपणापासून माझा चांगला विद्यार्थी होता.

"पाणी! कलिंगडात पाणी, संत्र्यात पाणी, द्राक्षात पाणी. म्हणून फळं बंद. आता द्राक्ष वाळवलं, त्याची मनुका झाली. पाणी कुठं गेलं? उडून गेलं. राहिलं ते फक्त सत्त्व. बरोबर?"

देवघरातून आईचा आवाज आला. "बघा, शिकल्याचा उपयोग असतो तो असा."

"मी मॅडमना एकदा विचारते," वैजयंता म्हणाली.

"विचार की. पण घरात विज्ञानाची बाई बसलीय, तिलाही कधीतरी विचारत जा." मी हे हसत म्हणाले. माझं हसत बोललेलं लोकांना जास्त लागायचं, हे मला फार उशिरा कळलं.

त्या रविवारी सकाळी मी स्वयंपाकघराचा ताबा घेतला. वैजयंताला म्हटलं, आज तू बस. ओट्स चमचाभर तुपावर मंद भाजले. खजुरातल्या बिया काढल्या, जर्दाळू कात्रीनं बारीक कापले, काळ्या मनुका धुऊन पुसून घेतल्या. बदाम आणि भोपळ्याच्या बिया जाडसर कुटल्या. संक्रांतीचे तीळ उरले होते, तेही भाजून घेतले. गुळाचा पाक झाला की हे सगळं त्यात घोटलं, तूप लावलेल्या ताटात थापलं आणि गरम असतानाच सुरीनं काप पाडले. घरभर असा वास सुटला की उदय भिंतीला धरत धरत स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. वासानं ओढला जाऊन तो असा कित्येक महिन्यांत आला नव्हता. एरवी फोडणीचा वास आला तरी त्याला मळमळायचं.

"एक दे."

"गरम आहे."

"दे गं आक्का."

त्यानं एक खाल्ली, लगेच दुसरी घेतली. बोटं चाटली. "आजपासून बारमध्ये जाणं बंद," तो म्हणाला, "घरीच बसणार," आणि आई डोळ्याला पदर लावून हसली. मी वैजयंताकडे पाहिलं. तीही हसत होती. मला वाटलं, हिला आता पटलं.

पाकिटांचा खोका मी दुसऱ्या दिवशी शाळेत नेला आणि शिक्षकांच्या खोलीत ठेवला. मधल्या सुट्टीत फस्त झाला. कुणाला काही झालं नाही.

उदय दिवसाला तीन-चार वड्या खाऊ लागला. मंगळवारी डायलिसिसला जाताना डब्यात दोन घेऊन गेला. तिथल्या काट्यावर वजन पाऊण किलोनं जास्त भरलं. ते अंगात साठलेलं पाणी असेल, असं तिथली सिस्टर म्हणाली म्हणे. घरी येऊन उदयनं सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "त्यांना प्रत्येक गोष्टीत पाणीच दिसतं." बुधवारी मी शाळेतून येताना आणखी पावशेर जर्दाळू आणले आणि दुसरं ताट थापलं.

गुरुवारी दुपारी फोन वाजला. मीच उचलला. डायलिसिसच्या ठिकाणाहून सिस्टर बोलत होती.

"उद्या सकाळी आमच्या पाण्याच्या मशीनचं काम आहे. उदयरावांना संध्याकाळच्या पाळीत बसवता येईल. त्रास नसेल तर शनिवारी सकाळी सातला आलात तरी चालेल. कसं करू?"

"संध्याकाळी म्हणजे घरी यायला किती वाजणार?"

"दहा-साडेदहा होतील."

"थंडीत कुठे एवढ्या उशिरा. त्याला त्रास कसला, ठणठणीत आहे तो. शनिवारीच आणतो."

"नक्की ना?"

"मी त्याची मोठी बहीण बोलतेय," मी म्हणाले.

फोन ठेवला तेव्हा वैजयंता मागे उभी होती. फोनसाठी हात पुढे केलेला होता, तो तिनं मागे घेतला. "वन्सं, संध्याकाळची पाळी घ्यायची होती. चार दिवस होतात."

"एक दिवसानं काय होतंय? त्याच्या तोंडावर तेज बघ जरा."

तिनं उदयकडे पाहिलं. उदयनं माझ्या नकळत मान हलवली असावी, कारण ती पुढे काही बोलली नाही. त्या दोघांत काय चाललं होतं, ते मला माहीत नव्हतं. माझी दुसऱ्या दिवशीच्या चाचणीची प्रश्नपत्रिका काढायची राहिली होती, मी ती घेऊन बसले.

शुक्रवारी आमची शाळा सकाळची होती. एकच्या सुमारास मी घरी आले तर आई देवळात गेली होती आणि उदय व्हरांड्यात उन्हात खुर्ची टाकून बसला होता. एरवी मला पाहून तो काहीतरी चेष्टा करायचा. त्या दिवशी नुसता बघत राहिला.

"काय रे?"

"पायात जीवच नाही गं आक्का. उठायला गेलो तर उठता येईना. ओठ पण बधिर झाल्यासारखे वाटतायत."

"कधीपासून?"

"सकाळपासून पाय जड होते. आता जास्त झालंय."

मी त्याच्या कपाळाला हात लावला. ताप नव्हता. पायांवर सूजही विशेष नव्हती. "अशक्तपणा आहे," मी म्हणाले. "सकाळपासून काय खाल्लंस?"

"भूकच नाही."

"मग दुसरं काय होणार?" मी आत जाऊन डबा आणला. एक वडी त्याच्या हातावर ठेवली. त्याला हात तोंडापर्यंत नेता येईना. हात उचलायचा आणि मध्येच मांडीवर पडायचा. मी वडीचा तुकडा मोडला आणि त्याच्या तोंडाशी धरला, तो लहान होता तेव्हा शाळेत जायच्या घाईत भरवायचे तसा.

त्यानं माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं. दारात वैजयंता उभी होती. क्षणभर दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मग त्यानं तोंड उघडलं आणि सावकाश चावत राहिला. मी दुसरा तुकडा मोडला.

"पुरे," वैजयंता म्हणाली. तिचा असा आवाज मी लग्नानंतरच्या सात वर्षांत ऐकला नव्हता. "रिक्षा बोलावतेय मी. आत्ता मिरजेला न्यायचं." आणि मला न विचारता ती अनवाणीच रस्त्याकडे पळत गेली.

रिक्षात तो आमच्या दोघींच्या मध्ये बसला होता. बसला म्हणजे आम्ही त्याला धरलं होतं. विश्रामबाग मागे पडलं तेव्हा तो म्हणाला, "आक्का, आईला सांग मी येतोय म्हणून. नाहीतर जेवायची थांबेल." मी म्हटलं, "तूच सांग संध्याकाळी." त्यानंतर तो बोलला नाही. त्याचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. मला वाटलं, झोपला.

दवाखान्यात त्याला उचलून आत नेलं. छातीला तारा लावल्या. पडदा ओढायच्या आधी मी यंत्रावरची रेघ पाहिली. ती संथ आणि रुंद होती. मला त्यातलं काही कळत नव्हतं. इंजेक्शनं आणायला कुणीतरी धावलं. डायलिसिसचं मशीन तयार करा, असं कुणीतरी ओरडलं. मग बराच वेळ पडद्यामागे छाती दाबल्याचा आवाज येत होता. मी मोजत होते. का मोजत होते माहीत नाही. सहाशेच्या पुढे कुठेतरी माझी मोजदाद चुकली.

तीन वाजून दहा मिनिटांनी डॉक्टर बाहेर आले. तरुण होते, कपाळावर घाम होता. त्यांनी मान हलवली. वैजयंता भिंतीला टेकून खाली बसली.

"रक्तातलं पोटॅशियम नऊच्या जवळ गेलं होतं," ते म्हणाले. "साडेपाचच्या वर आम्हाला धास्ती वाटते. नऊला हृदय थांबतंच. तुम्ही लोक काय देत होता त्यांना? शहाळं दिलं का?"

"नाही," मी म्हणाले.

"फळं?"

"एकही नाही. पाण्याचा थेंबसुद्धा मोजून."

"मग सुका मेवा? जर्दाळू, खजूर, मनुका असलं काही?"

मी वैजयंताकडे पाहिलं नाही. माझं मलाच ऐकू आलं, "पण त्यात पाणी कुठे असतं?"

डॉक्टरांनी माझ्याकडे नीट पाहिलं. ते चिडले असते तर बरं झालं असतं. पण ते दमलेल्या आवाजात म्हणाले, "पाण्याचा प्रश्नच नाही हो. फळं पोटॅशियमसाठी बंद असतात. भाजी उकडून पाणी फेकता ते पोटॅशियम जावं म्हणून. फळ वाळवलं की पाणी उडून जातं, क्षार तिथेच राहतात. उलट मूठभर जर्दाळूत जास्त जातं पोटात. गूळही तसाच. तुम्हाला कुणी सांगितलं नाही का?"

पाणी उडून जातं, क्षार तिथेच राहतात. हा प्रयोग मी दर वर्षी सहावीला करून दाखवत होते. बशीत मिठाचं पाणी, खाली मेणबत्ती. पाणी आटलं की मुलं बशीत बोट फिरवून मीठ चाखून बघायची, आणि मी विचारायचे, पाणी कुठे गेलं, मीठ कुठे राहिलं. बावीस वर्षं. माझ्या स्वयंपाकघरात मला त्याची एकदाही आठवण झाली नव्हती.

"नाही," मी म्हणाले. "कुणी सांगितलं नाही."

आई शेजाऱ्यांबरोबर चार वाजता आली. तिनं किंकाळी फोडली नाही. ती डॉक्टरांपाशी गेली आणि म्हणाली, "माझी आज काढून घ्या की. सव्वीस तारखेपर्यंत कशाला थांबायचं? मी उपाशीच आहे सकाळपासून." तिला दोघांनी धरून बाकावर बसवलं. पुष्कळ वेळ ती तेच म्हणत होती.

ते तेरा दिवस कसे गेले, ते मी सांगत नाही. त्यातलं मला फारसं आठवतही नाही. एवढं आठवतं की पहिली संधी मिळताच मी डब्यातल्या उरलेल्या वड्या कचऱ्यात ओतल्या आणि वरून चहाचा चोथा टाकला. कुणी पाहू नये म्हणून. कुणी पाहिलं नाही.

तेराव्याला जेवणं झाल्यावर बायका माजघरात बसल्या होत्या. कवठ्याहून मावशी आली होती, शेजारच्या दोघी होत्या. वैजयंता कोपऱ्यात भिंतीशी बसली होती, तिचा जतचा भाऊ बाहेर पुरुषांत होता. मावशी आईला म्हणाली, "पण आपरेशनची तारीख पण मिळाली होती की गं. एकाएकी असं कसं झालं?"

आईनं डोळे पुसले. तिची नजर फिरत फिरत वैजयंतावर थांबली.

"पाकिटातलं खाऊन झालं," आई म्हणाली. "रोज सकाळी त्या पाकिटातल्या कांड्या चारायची ही. औषधं घातलेल्या. कुंदानं घरचं करून घातलं तेव्हा कुठे चार दिवस पोरगं हसलं, बोटं चाटून खाल्लं त्यानं. पण तोवर आत विष भिनलेलं होतं."

वैजयंतानं मान वर केली. ती आईकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती. रागानं नाही. एखादी मुलगी परीक्षेत शेजारणीकडे बघते तसं, उत्तर तिला ठाऊक आहे अशा खात्रीनं. मी बोलेन म्हणून ती थांबली होती.

मला बोलायचं होतं. हे कुणाला खोटं वाटेल, पण खरंच बोलायचं होतं. आई, पाकिटाचं नाही, माझ्या वड्यांचं झालं, एवढंच वाक्य होतं. मी ते मनात तयार केलं होतं. दवाखान्याच्या व्हरांड्यापासून तेरा दिवस घोकत होते.

मावशीनं मला विचारलं, "कुंदा, तू शास्त्र शिकवतीस. तसल्या पाकिटातल्या रसायनानं होतं का गं असं?"

आई माझ्याकडे बघत होती. तिचा मुलगा गेला होता, तिच्याजवळ आता मी तेवढी उरले होते. निदान मी स्वतःला तसंच समजावलं. आज वाटतं की मला आईची भीती वाटली. माझं बोलणं जिथं शेवटचं असायचं त्या घरात, सगळ्यांसमोर, चुकलेली बाई म्हणून बसायची भीती वाटली.

"असेल," मी म्हणाले.

वैजयंतानं आणखी थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं. मग ती उठली आणि आत जाऊन तिची बॅग भरू लागली. संध्याकाळच्या गाडीनं भावाबरोबर जतला गेली. आईनं तिला थांब म्हटलं नाही. मी रिक्षापर्यंत बॅग नेऊन दिली. ती वाकून माझ्या पाया पडली, जशी दर सणाला पडायची, आणि रिक्षात बसली.

त्यानंतर आई अकरा वर्षं जगली. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ती उदयची गोष्ट सांगायची. त्यात एक बेजबाबदार सून असायची, पाकिटातल्या कांड्या असायच्या आणि शेवटी घरच्या वड्या करून घालणारी गुणी लेक असायची. पहिली दोन-तीन वर्षं मी उठून आत जायचे. पुढे तिथंच बसून ऐकायला लागले. दर वर्षी मी तिच्या रक्ताचे रिपोर्ट आणायचे, डॉक्टर म्हणायचे, आजींच्या किडन्या या वयातही उत्तम आहेत. ते ऐकलं की आई दिवसभर जेवायची नाही. त्या अकरा वर्षांत तिला सांगायला मला रोज एक संधी होती. मी सांगितलं नाही. गेल्या आषाढात ती झोपेतच गेली, मला मागे ठेवून, आणि माझ्याबद्दल सगळं चांगलंच मनात धरून.

दिवाळीनंतर मी जतला गेले. पत्ता विचारत विचारत. वैजयंता अंगणवाडीत काम करत होती. मुलं घरी गेली होती, ती ओट्यावर बसून दुसऱ्या दिवसाच्या खिचडीचे तांदूळ निवडत होती. केस बरेच पिकले होते. मला पाहून उठली, सतरंजी टाकली, पाणी दिलं.

"बसा वन्सं. आई गेल्याचं कळलं. यायला जमलं नाही."

मी तयारी करून गेले होते, तरी शब्द नीट आले नाहीत. "वैजयंता," मी म्हणाले, "उदय माझ्या वड्यांनी गेला. तुझ्या पाकिटांनी नाही. माझ्या हातानं गेला तो. आणि त्या दिवशी मी खोटं बोलले."

ती तांदळातून खडा काढत होती. तो बाजूला ठेवला.

"मी त्या बुधवारीच मॅडमना फोन केला होता," ती म्हणाली. "त्या ओरडल्या माझ्यावर. म्हणाल्या, आत्ताच्या आत्ता बंद करा. मी यांना सांगितलं. तुम्हाला सांगायला निघाले तर यांनी हात धरला. म्हणाले, आक्काला नको सांगूस, तिच्या जिवाला लागेल. एवढ्या हौसेनं करतीय. हळूहळू कमी करतो, ऑपरेशन झालं की मीच सांगतो तिला हसत हसत."

"मग शुक्रवारी मी भरवत होते तेव्हा त्याला..."

"माहीत होतं."

ओट्यावर ऊन होतं. मला उठता येईना. तिनं ताट गुडघ्यावर घेतलं आणि पुन्हा तांदूळ निवडू लागली. मग तिनं विचारलं, "आईंना सांगितलंत का कधी?"

"नाही."

"शेवटी शेवटीसुद्धा नाही?"

"नाही."

तिचा हात थांबला. तेराव्याला पाहिलं होतं तसं तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. आता ती कशाचीच वाट बघत नव्हती.

"मग मला कशाला सांगायला आलात, वन्सं?" ती म्हणाली. "मला तर माहीतच होतं."